मीटिंगमध्ये मी मान डोलावली आणि माझ्या लाइनवरची ९ पोरं गेली

पत्र थोडक्यात असं: बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर असलेले हे वाचक, वय ४८, आयटीआय करून लागले, मूळचे काटोलकडचे. पाच महिन्यांपूर्वी त्यांच्या कंपनीने कन्सल्टंट आणले. तेव्हापासून दर मंगळवारी मीटिंग, पडद्यावर स्लाइडी, आणि सिनर्जी, बँडविड्थ, डीप डाइव्ह, लो हँगिंग फ्रूट असे शब्द. मागच्या रांगेत बसून हे आणि मेंटेनन्सचे इन्चार्ज दोघं मिळून त्या शब्दांची हौजी खेळायचे. कागदावर चौकोन आखायचे, त्यात शब्द लिहून ठेवायचे, समोरच्याने तो शब्द उच्चारला की खोडायचा. एका मंगळवारी "राइटसायझिंग" हा शब्द आला, यांची लाइन पूर्ण झाली, दोघांना हसू आवरेना. पुढच्या सोमवारी यांच्या लाइनवरच्या २२ पैकी ९ कंत्राटी पोरांना गेटवरूनच परत पाठवलं. त्यातल्या एकाने संध्याकाळी फोन केला, "साहेब, तुम्ही तं आत बसले होते ना, मंग सांगतलं काहून नाही?" आता "फेज टू" येतंय म्हणतात. मुलगी म्हणते बाबा ऑनलाइन इंग्लिशचा कोर्स करा. यांचा प्रश्न असा की ही भाषा शिकून घेऊ, गप्प बसू, की मीटिंगमध्ये विचारू? विचारलं तर "याला एवढंही समजत नाही" म्हणतील, आणि या वयात नोकरी गेली तर दुसरी कुठे मिळणार?

भाऊ,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा हौजीच्या भागात मला खूप हसू आलं, खरं सांगते, आणि लगेच खालची ती फोनची ओळ आली आणि हसू जागच्या जागी थांबलं. तुम्ही प्रश्न तीन विचारलेत पण तुम्हाला झोप लागू देत नाहीये तो त्या पोराचाच प्रश्न आहे असं मला वाटतं, म्हणून मीही तोच डोळ्यासमोर ठेवून लिहिते.

आधी एक गोष्ट तुमच्या मनातून काढायची आहे. पत्रात तुम्ही चार वेळा लिहिलंय की "माझं शिक्षण मराठी मीडियमचं, इंग्रजी कमी पडतं." भाऊ, "राइट" म्हणजे बरोबर आणि "साइझ" म्हणजे माप, हे तुम्हाला पाचवीत येत होतं. शब्द तुम्हाला समजलाच होता. त्या शब्दाने काय होणार आहे ते कोणी सांगितलं नव्हतं, आणि ते डिक्शनरीत सापडत नाही, कुठल्या कोर्समध्ये पण शिकवत नाहीत. या शब्दाचा प्रवासच बघा ना. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या मोटार कंपन्या गाड्या आकाराने लहान करायला लागल्या त्याला "डाउनसायझिंग" म्हणायचे, म्हणजे गाडी लहान, एवढा साधा अर्थ. मग तोच शब्द माणसं कमी करण्यासाठी वापरायला लागले, हळूहळू लोकांना तो ऐकूनच धडकी भरायला लागली, मग त्याच्या जागी "राइटसायझिंग" आणला, जणू आधी किती माणसं हवी ते माप चुकलं होतं आणि आता कोणीतरी ते नीट करून देतंय. काम तेच, फक्त ज्याचं पोट कापलं जातंय त्याच्या कानाला लागू नये म्हणून शब्द बदलला.

आणि हे फक्त इंग्रजीत होतं असं अजिबात नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते कारण मी ते स्वतः केलंय. हिंगणा एमआयडीसीत एका कंपनीत मी एचआरला होते, बरीच वर्षं. एकदा वरून आदेश आला, स्टोअर आणि पॅकिंगमधली माणसं कमी करायची आहेत, नोटीस मराठीत काढा. मी शुद्ध मराठीत लिहिलं, "मनुष्यबळाच्या पुनर्नियोजनांतर्गत खालील कर्मचाऱ्यांना सध्याच्या जबाबदारीतून मुक्त करण्यात येत आहे." कॅन्टीनच्या बाहेरच्या फळ्यावर नोटीस लावली. दुपारी पॅकिंगमधले एक काका माझ्या टेबलाशी आले, हातात डबा तसाच, आणि म्हणाले, "मॅडम, लय उपकार झाले, दोन वर्षांपासून घराजवळच्या युनिटमध्ये बदली मागून राहिलो होतो." त्यांनी पुनर्नियोजन म्हणजे बदली समजलं होतं. मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि खरं काय ते सांगितलं, आणि ते ऐकताना त्यांनी डब्याचं झाकण उघडून परत घट्ट लावलं, मग परत उघडलं, परत लावलं. ते झाकण मला अजून दिसतं. त्या नोटिशीत एकही इंग्रजी शब्द नव्हता.

तेव्हा प्रश्न भाषेचा नाही, वाक्यातून माणूस गायब होतो त्याचा आहे. कोण कमी करतंय, कोणाला, कधीपासून, हे त्या वाक्यात कुठेच नसतं. आपल्याकडे गुरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली हात घालून बोटं दाबून भाव ठरवायचे, आठवतं ना? बैल शेतकऱ्याचा, घेणारा दुसरा शेतकरी, दोघं तिथेच उभे, आणि भाव मात्र रुमालाखाली. तुमच्या मंगळवारच्या मीटिंगमध्ये जे शब्द ऐकू येतात त्यातले बरेचसे त्या रुमालाचं काम करतात.

तुमचा दुसरा समज असा की खोलीत बाकी सगळ्यांना समजतं, फक्त तुम्हालाच समजत नाही. मी अशा खोल्यांमध्ये खूप बसलेय. तिथे सगळ्यांच्याच माना हलतात आणि प्रत्येकजण शेजारच्याची मान बघून आपली हलवत असतो. आणि जो समोर उभा राहून बोलतो त्यालाही भीती असते. २०२० मध्ये झॅकराया ब्राउन, एरिक ॲनिसिच आणि ॲडम गॅलिन्स्की या तीन संशोधकांचा यावरच एक अभ्यास आला होता, त्यांनी दाखवलं की ज्याला आपलं स्थान खालचं वाटतं तो माणूस जड शब्द जास्त वापरतो, आपल्याला कमी समजू नये म्हणून. त्यांनी हजारो प्रबंधांची शीर्षकं तपासली, तर कमी नावाजलेल्या विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या शीर्षकांत असे शब्द जास्त निघाले. तुमच्याकडे जी २५-२६ वर्षांची पोरं लॅपटॉप घेऊन आलीत ना, त्यांना २० वर्षं मशीनवर घालवलेल्या माणसांसमोर उभं राहून सांगायचं असतं की तुमचं काय चुकतंय, त्यांचे पाय लटपटत नसतील असं समजू नका. त्यांच्याशी वैर धरू नका. शॉप फ्लोअरवर घेऊन जा, मशीनजवळ उभं करा, बऱ्याचदा तिथे ती साधं बोलायला लागतात.

आता तिसरी गोष्ट, इथे मी तुमच्या विरुद्ध बाजूने थोडी बोलणार आहे. तुम्ही लिहिलंय की "हे सगळं बकवास आहे." सगळं नाही भाऊ. तुम्ही लाइनवर "दोन सूत कमी घे" म्हणता तेव्हा नवीन आलेल्या पोराला ती पण परकी भाषाच असते, पण सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, दोन सूत म्हणजे पाव इंच, पट्टी लावून बघता येतं. जॉब, जिग, फिक्स्चर, रीवर्क, हे आपल्या धंद्याचे शब्द आहेत आणि ते नसते तर काम अडलं असतं. तसेच कन्सल्टंट लोकांकडचे काही शब्द खरोखर कामाचे आहेत आणि ते तुम्ही शिकलेच पाहिजेत असं मला वाटतं. "टॅक्ट टाइम" घ्या. शिफ्ट ४८० मिनिटांची, त्यातून जेवणाचे ३० आणि चहाचे २० गेले, उरले ४३०, आणि गिऱ्हाइकाला दिवसाला २१५ नग हवेत, तर दर दोन मिनिटाला एक नग निघाला पाहिजे, झाला टॅक्ट टाइम. किंवा "ओईई", मशीन किती वेळ चालू होतं, किती वेगाने चाललं आणि माल किती चांगला निघाला, या तिघांचा गुणाकार. ९० टक्के, ९५ टक्के आणि ९८ टक्के असे तिन्ही आकडे वेगवेगळे बघितले तर छान वाटतात पण गुणाकार केला की जवळपास ८४ वर येतो, म्हणजे गळती कुठे आहे ते शोधायला लागतं. या शब्दांवर बोट ठेवता येतं, त्याच्या मागे आकडा आहे, घड्याळ आहे, मशीन आहे.

आता "सिनर्जी" घ्या. हा पण एकेकाळी अर्थाचा शब्द होता. १९६५ मध्ये इगोर अन्सॉफ या व्यवस्थापनतज्ज्ञाने तो धंद्याच्या हिशोबात आणला, दोन कंपन्या एकत्र आल्या तर दोन अधिक दोन पाच होऊ शकतात का ते तपासायला. "कोअर कॉम्पिटन्स" तर आपल्या सी. के. प्रल्हाद यांनी गॅरी हॅमेलबरोबर १९९० मध्ये मांडला, कंपनीला नेमकं काय असं येतं जे दुसऱ्याला सहज जमणार नाही, हा विचार त्यामागे होता आणि चांगला विचार होता. पण शब्द हातोहात फिरून फिरून चुडी गेलेल्या, म्हणजे आटे झिजलेल्या नटासारखे होतात, पाना लावला की गोल गोल फिरतात, आवळलं काहीच जात नाही. तुम्हाला हे ओळखता येईल, चुडी गेलेला नट तुम्हाला हाताला लगेच कळतो ना, तसंच आहे हे.

लो हँगिंग फ्रूट, म्हणजे हाताला सहज लागणारं सोपं काम, याबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते मात्र मला सगळ्यात जास्त पटलं, आणि तुम्ही ते गमतीत लिहिलंय, मी गमतीत घेत नाही. तुम्ही म्हणता की तुमच्या भावाच्या संत्र्याच्या बागेत जे फळ खाली लोंबतं त्यालाच पावसात मातीचं पाणी उडतं, तेच आधी सडतं, म्हणून तर फांद्यांना बांबूचे टेके देऊन वर उचलायला लागतं. आता बघा, तुमच्या कारखान्यात खर्च कमी करायचा होता. वीज आहे, रिजेक्शन आहे, डिस्पॅचला उभ्या राहणाऱ्या गाड्या आहेत, पण त्यात हात घालायला वेळ लागतो, अभ्यास लागतो. सगळ्यात सोपं, हाताला सगळ्यात आधी लागणारं काय होतं? कंत्राटी पोरं. कंत्राटदाराला एक फोन केला की झालं. ते ९ जण लो हँगिंग फ्रूट होते. ज्यांना टेका द्यायचा त्यांनाच आधी तोडलं, आणि शब्द इतका गोड होता की खोलीत कोणाला काही टोचलंच नाही.

हौजीबद्दल तुम्हाला अपराधी वाटतंय. हसलात म्हणून वाटून घेऊ नका. अमेरिकेतल्या ऑफिसांमध्ये १९९० च्या दशकापासून लोक हाच खेळ "बझवर्ड बिंगो" म्हणून खेळताहेत, इतकी ही जाच होणारी गोष्ट आहे, माणूस हसणार नाही तर काय करणार. मेंटेनन्सवाल्या भाऊंनी म्हटलंय ना की यंदा तान्ह्या पोळ्याला, नागपुरात मारबत-बडग्याचे पुतळे मिरवतात ना, तसा पीपीटीचा बडग्या काढू आणि "घेऊन जा गे मारबत" म्हणून पाठवून देऊ, मला तर ते मनापासून आवडलं, नागपूरच्या महाल भागातून मिरवणूक निघेल तेव्हा मी बघायला येईन. फक्त एक आहे, खेळात शब्द आला की खोडायचा असतो, आणि शब्द खोडला की आपण पुढच्या शब्दाची वाट बघायला लागतो, त्याचा अर्थ काय हे विचारायचं राहून जातं. त्या मंगळवारी तुमचं तेच झालं. म्हणून माझं म्हणणं असं की तो कागद घेऊन जात राहा, फक्त शब्द खोडायच्या ऐवजी त्याच्या समोर तीन गोष्टी लिहा: कोण, किती, कधीपासून. "राइटसायझिंग" समोर हे तीन रकाने रिकामे दिसले असते तर तुमचा हात वर गेला असता असं मला वाटतं. मीटिंग संपल्यावर जे रकाने रिकामे राहतील तेच तुमचे प्रश्न.

आता विचारायचं कसं. "मला समजलं नाही" असं म्हणू नका, खरं असलं तरी, कारण मग लगेच कोणीतरी तुम्हाला शब्दाचा अर्थ समजावायला लागतो आणि परत दहा शब्द येतात. शब्दाबद्दल विचारूच नका, तुमच्या लाइनबद्दल विचारा. "सर, या स्लाइडनंतर माझ्या लाइनवर पहिल्या शिफ्टला किती माणसं राहतील?" "सोमवारी सकाळी मी वेगळं काय करायचं?" असं विचारलं की समोरच्याला आकडा द्यावा लागतो नाहीतर अजून ठरलं नाही असं कबूल करावं लागतं, आणि दोन्हीतून तुम्हाला माहिती मिळते. असा प्रश्न विचारणारा माणूस अडाणी दिसत नाही, कामाचा दिसतो. आणि हिंदीत विचारा, मराठीत विचारा, नागपुरातल्या मीटिंगा तशाही अर्ध्या हिंदीत चालतात, तुम्हाला इंग्रजीतच विचारलं पाहिजे असं कोणी सांगितलं?

सगळ्यांसमोर विचारायची हिंमत होत नसेल तर, आणि त्यात लाज नाही, तुमच्यावर घर आहे, मुलीचं शिक्षण आहे, मी तुम्हाला छाती पुढे काढून लढा असं सांगणार नाही, तर मीटिंगच्या आदल्या दिवशी तुमच्या प्लँट हेडला एकट्याने भेटा. चहाच्या वेळेला भेटा. किंवा मीटिंग झाल्यावर त्याच दिवशी तीन ओळींचा मेल टाका: "आजच्या मीटिंगमधून मला असं समजलं की अमुक तारखेपासून माझ्या लाइनवर इतके लोक कमी होणार आहेत, चुकत असेल तर कळवा." हा मेल मला सगळ्यात जास्त भरवशाचा वाटतो, कारण त्यात तुम्ही कोणाला अडवत नाही, विरोध करत नाही, फक्त रुमाल बाजूला करता, आणि पुढे उद्या कोणी म्हणालं की सुपरवायझरला सगळं माहीत होतं तर तुमच्याकडे लेखी असतं काय माहीत होतं आणि काय नव्हतं.

पूर्ण वाक्यात लिहिण्याचा हा जो फायदा आहे तो मोठ्या मोठ्या लोकांनाही कळलेला आहे. ॲमेझॉनच्या जेफ बेझोस यांनी २००४ मध्ये वरिष्ठांच्या मीटिंगमधून पॉवरपॉइंट बंद केलं आणि सांगितलं की पूर्ण वाक्यांत लिहून आणा, कारण स्लाइडवरच्या तुटक ओळींमध्ये विचाराची भोकं झाकली जातात. "मॅनपावर ऑप्टिमायझेशन, फेज टू" हे स्लाइडवर शोभून दिसतं. तेच वाक्यात लिहायला बसा, "आम्ही १ तारखेपासून दुसऱ्या शिफ्टमधली अमुक इतकी माणसं कमी करणार आहोत आणि त्यांचं काम उरलेले लोक करतील," की लगेच बाजूचा माणूस विचारतो, उरलेले किती? जमेल का त्यांना? सेफ्टीचं काय?

गप्प बसणं हाही एक पर्याय आहे आणि मी त्याला नावं ठेवणार नाही, काही ठिकाणी वरची माणसं खरंच अशी असतात की प्रश्न विचारला की खुन्नस धरतात. तुमच्या पत्रावरून मात्र तुमचे प्लँट हेड तसे वाटत नाहीत, तुम्हीच लिहिलंय की मागच्या वर्षी ब्रेकडाउनच्या वेळी त्यांनी तुमचं ऐकलं होतं. तेव्हा एकदा करून बघायला हरकत नाही. आणि मुलीच्या कोर्सबद्दल, तिला तुमची काळजी आहे, तिला नाही म्हणून दुखवू नका, पण पैसे भरायच्या आधी महिनाभर तिच्यासोबत रात्री दहा मिनिटं बसा. त्या दिवशीचे चार शब्द तिला सांगा, ती अर्थ सांगेल, तुम्ही तिला सांगा की त्या शब्दाने तुमच्या लाइनवर खरंच काय झालं. उद्या ती कुठेतरी नोकरीला लागेल तेव्हा तिला हे उपयोगी पडेल, कदाचित तुमच्यापेक्षा जास्त.

आता फेज टू. तुम्ही एकटे ते थांबवू शकाल असं मी खोटं सांगणार नाही, तो निर्णय तुमच्या हातातला नाही. पण पोरांना गेटवर कळण्याच्या ऐवजी आठ दिवस आधी कळलं तर फार फरक पडतो, तोपर्यंत कोणी दुसरीकडे विचारून ठेवतो, कोणी रूमचं भाडं भरायचं थांबतो. प्लँट हेडकडे एवढं तरी मागा, की नावं ठरली की मला आधी सांगा आणि पोरांना मी समोर बसवून सांगीन. सांगताना साधं सांगा, "कंपनीने तुझं काम बंद केलंय, तुझ्या कामात खोट नव्हती." माझ्याकडून त्या काकांच्या बाबतीत जे झालं ते तुमच्याकडून व्हायला नको.

आणि जे ९ गेले त्यांचं. त्यांच्यातल्या कितींना आपला पूर्ण हिशोब मिळाला हे तुम्हाला माहीत आहे का? पत्रात ते कुठे नाही. प्रत्येकाला विचारा की शेवटच्या दिवसापर्यंतचा पगार आला का, ओव्हरटाइमचे पैसे आले का, पीएफचा यूएएन नंबर हातात आहे का, आणि पासबुकात कंत्राटदाराने खरंच दर महिन्याला पैसे भरलेले दिसतात का. मोबाइलवर बघता येतं, बऱ्याच पोरांनी कधी उघडूनच बघितलेलं नसतं. कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, हे त्यांना ठाऊक नसतं, तुम्ही सांगू शकता. नाहीच दिला तर नागपूरच्या कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज करता येतो. आणि तुमच्या हातचं एक पत्र, हा मुलगा अमुक मशीनवर इतके महिने कामाला होता, काम चांगलं होतं, एवढं लेटरहेडवर मिळत असेल तर मिळवून द्या. नाहीच मिळालं तर हिंगण्याला, बुटीबोरीला तुमच्या ओळखीचे किती सुपरवायझर असतील, त्यांना फोन लावा.

ज्या पोराने विचारलं होतं, "मंग सांगतलं काहून नाही," त्याला तुम्ही त्या दिवशी काय उत्तर दिलं ते पत्रात लिहिलं नाही, बहुतेक काही दिलं नसेल. त्याला आधी फोन करा. मला तेव्हा समजलं नव्हतं आणि मी विचारलं पण नाही, असं सरळ सांगा, ते ऐकून तो चिडला तर चिडू द्या. मग त्याचा यूएएन विचारा.

— तुमची ताई